ईदचा कुर्ता

मी कविता लिहिणारा माणूस, डॉक्टर नव्हे. तरीही आज पोटाच्या एका दुखण्याविषयी बोलणार आहे. कारण ते आमच्या घरात वर्षभर राहिलं आणि आम्हाला ओळखू आलं नाही.

माझा भाचा तेव्हा अकरा वर्षांचा होता. ईदच्या सकाळी त्यानं मागल्या ईदचा कुर्ता घातला. अगदी बरोबर बसला. बहीण म्हणाली, "भाईजान, बघा, नव्या कपड्याचे पैसे वाचले." मीही हसलो. वाढत्या वयाच्या मुलाला वर्षापूर्वीचा कुर्ता आखूड कसा होत नाही, हे कुणाच्या मनात आलं नाही.

त्याचं पोट अधूनमधून दुखे. शाळा बुडवायची सोंगं, असं आम्ही म्हणत असू. सारखं तोंड येई. उष्णता झाली म्हणून गुलकंद दिला. ताटावरून अर्धवट उठे. जंताचं औषध दिलं. चेहरा उतरला तेव्हा नानीनं नजर काढली. रात्री दोन-दोनदा उठून तो संडासला जात होता, हे लाजेपोटी त्यानं सांगितलंच नाही. शेवटी रक्त पडलं, तेव्हा दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी आधी उंची आणि वजन मोजलं. शाळेत लिहिलेली जुनी उंची मागवली. वर्षभरात पोर वाढलंच नव्हतं! मग रक्त आणि शौचाची तपासणी झाली. दुर्बिणीनं आतडं पाहून त्याचे बारीक तुकडे तपासले. आपल्याकडे आतड्याचा क्षयही असाच दिसतो, म्हणून तो नसल्याची खात्री करावी लागली. निदान झालं क्रोन्सचं. न्यूयॉर्कच्या डॉ. बरिल क्रोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ साली या आजाराचं वर्णन केलं, म्हणून हे नाव.

यात शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच आतड्यावर उलटते, सूज येते. याचाच भाऊबंद अल्सरेटिव्ह कोलायटिस. तो मोठ्या आतड्यात असतो आणि बहुधा रक्तमिश्रित जुलाबांनी लवकर ओळख देतो. क्रोन्स लबाड. जुलाब नसतानाही कधी तो मुलाची वाढ रोखून धरतो. बारीक ताप, सांधेदुखी, गुदद्वाराजवळ चीर किंवा गळू, अशा आडवाटेनंही येतो.

प्रत्येक पोटदुखी अशी नसते, घाबरू नका. पण दुखण्याबरोबर वजन घटलं, उंची अडली, मूल शौचासाठी रात्री उठू लागलं किंवा रक्त दिसलं, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका. वयात येण्याचा काळ सरला की राहिलेली उंची भरून काढणं कठीण होतं.

भाच्याला काही आठवडे फक्त औषधी द्रव आहारावर ठेवलं, पुढे औषधं सुरू झाली. आजार गेलेला नाही, ताब्यात आहे. पुढल्या ईदला तोच कुर्ता त्याला गुडघ्याच्या वर आला. बहीण तो हातात घेऊन कितीतरी वेळ बसली होती.

श्रोतेहो, घराच्या भिंतीवर मुलांच्या उंचीची एक रेघ दर वाढदिवसाला मारत चला. पेन्सिलीला पैसे पडत नाहीत.