न मोजलेला प्रवास
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनी आरोग्य, गृहव्यवस्था किंवा मुलांचे संगोपन यांवर कोणीतरी चार शब्द बोलावेत, असा आपल्या मंडळाचा परिपाठ आहे. यंदा चिटणीसबाईंनी मला विषय विचारला, तेव्हा मी "शहराची वाहतूक" असे सांगितले आणि त्या क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिल्या. रस्ते, बसगाड्या, धूर हे विषय महापालिकेच्या सभागृहातले. त्यांचे मंडळात काय काम, असे त्यांना वाटले असेल तर त्यांचा दोष नाही. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मलाही तसेच वाटत होते.

पहिल्या रांगेतली उजवीकडची खुर्ची आज रिकामी आहे. ती कोणाची, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी श्रावणात आपल्या मंगळागौरीच्या कार्यक्रमाला काकू घरून पायी निघाल्या. अंतर जेमतेम पाच मिनिटांचे. आमच्या इमारतीपुढच्या फूटपाथवर स्कूटरी ओळीने लावलेल्या होत्या, म्हणून त्या खाली रस्त्यावर उतरल्या. मागून रिक्षा आली, काकू दचकल्या, पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, त्या वॉकर घेऊन घरात हिंडू लागल्या. पण रस्त्यावर पाऊल टाकायची त्यांची भीती काही गेली नाही. भगिनींनो, त्या ओळीतली तिसरी स्कूटर माझ्या मुलाची होती. म्हणून आज दुसऱ्या कोणाला बोल लावण्याआधी मी स्वतःला लावून घेते.

त्या दिवसापासून मी या विषयाकडे लक्ष देऊ लागले. हल्ली हवामान बदलते आहे, पृथ्वी तापते आहे, असे आपण रोज ऐकतो. २०७० सालापर्यंत हवेत कर्बवायूची भर पडणे निव्वळ शून्यावर आणू, असे आपल्या देशाने २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत जाहीर केले. एवढ्या मोठ्या गोष्टीत आपला वाटा कोणता? आपण घरखर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या बायका. हाही हिशेब करून पाहू.

एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कर्बवायू हवेत जातो. डिझेलचा थोडा अधिक, सुमारे २.७ किलो. लिटरला १५ किलोमीटर जाणाऱ्या मोटारीत एकटा माणूस बसून १० किलोमीटर गेला, तर त्याच्या नावावर दीड किलो वायू लागतो. स्कूटरने गेला तर अर्धा किलो. डिझेलवर चालणारी बस लिटरला चारच किलोमीटर जाते असे धरले, तरी तीत ४५ माणसे असली म्हणजे माणशी अवघा दीडशे ग्रॅम येतो. आणि पायी जाणाऱ्या बाईच्या नावावर? काही नाही.

आता कोण पायी जाते आणि कोण बसने जाते, ते आपणच आठवून पाहावे. बहुतेक घरांत एकच वाहन असले तर ते कर्त्या पुरुषाकडे असते. २०११ च्या जनगणनेत कामाच्या ठिकाणी पायी जाणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण शेकडा ४५ च्या घरात होते, तर पुरुषांचे शेकडा २७ च्या. म्हणजे ज्याला आज मोठमोठ्या परिषदांत "कमी कर्बाचा प्रवास" म्हणतात, तो प्रवास आपल्या आया आणि आज्या आयुष्यभर करीत आल्या. त्याबद्दल त्यांना मिळाले काय? उखडलेला फूटपाथ, दिवा नसलेला थांबा आणि बसची न संपणारी वाट.

असे का व्हावे? मला जे कारण उमगले, तेच सांगण्यासाठी मी आज उभी आहे. धोरण हे मोजणीवरून ठरते, आणि आपला प्रवास मोजलाच जात नाही. त्या जनगणनेत प्रवासाची माहिती विचारली ती नोकरी-धंद्याच्या ठिकाणी जाणाऱ्यांना. नातवाला बालवाडीत पोचवणे, तिथून मंडईत, मंडईतून बँकेत, वाटेत औषधे घेऊन आजारी नणंदेकडे, आणि शाळा सुटायच्या आत परत, हा प्रवास कोणत्या रकान्यात लिहायचा? पुरुषाची वाट सरळ असते, घर ते कचेरी आणि कचेरी ते घर. आपली वाट रांगोळीच्या ठिपक्यांसारखी, लहान लहान अंतरांची आणि अनेक थांब्यांची. सरळ वाट मोजून उड्डाणपूल बांधले जातात. ठिपक्यांची वाट मोजली, तर फूटपाथ, सावली, दिवे आणि लहान अंतराच्या बसगाड्या यांची गरज दिसेल.

आपले पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. २०१८ साली येथील नोंदलेल्या वाहनांची संख्या ३६ लाखांच्या वर गेली, म्हणजे माणसांहून वाहने अधिक झाली. धोरणे नव्हती असे मात्र नाही. केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात रस्त्यावरची जागा वाटताना वाहनांपेक्षा माणसांचा विचार करावा, असे स्पष्ट म्हटले आहे. त्याच साली पुण्यात बससाठी राखीव मार्गाचा प्रयोग सुरू झाला. २०१६ साली महापालिकेने पादचारी धोरण स्वीकारले. २०१८ साली रस्त्यावर वाहन लावण्यासाठी पैसे आकारण्याचे धोरण मंजूर झाले, पण त्याला मोठा विरोध झाला आणि ते वर्षानुवर्षे कागदावरच राहिले. तो विरोध कोणी केला? तुमच्या-माझ्या घरातल्यांनीच. फुकटची जागा सोडायला कोणाला आवडते?

तरीही जेथे धोरण कागदावरून उतरले, तेथे फरक पडला. ८ मार्च २०१८ रोजी पुण्यात स्त्रियांसाठी 'तेजस्विनी' बसगाड्या सुरू झाल्या. २०१९ पासून विजेच्या बसगाड्या आल्या. मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना अर्धे तिकीट झाले, आणि माहेरी जायला आता कोणाकडे हात पसरावा लागत नाही, असे आपल्याच एका भगिनीने मला सांगितले. पण तिकीट अर्धे करून गाडीच वेळेवर आली नाही, तर उपयोग अर्धाच. तसेच कोणी म्हणेल, विजेची स्कूटर घेतली की प्रश्न मिटला. धुराचा काही अंशी मिटेल, जागेचा नाही. विजेची स्कूटर फूटपाथवर लावली, तरी काकूंना ती तेवढीच आडवी येते.

आपण मूठभर बायका काय करणार, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्यासाठी एक उदाहरण सांगते. हॉलंड म्हटले की आज सायकली डोळ्यांपुढे येतात. पण महायुद्धानंतर तेथेही मोटारींचेच राज्य आले होते. १९७१ साली त्या लहानशा देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. 'बालहत्या थांबवा' असेच त्यांनी आपल्या चळवळीला नाव दिले. तिची अध्यक्षा मार्तये व्हान पुटेन ही एक तरुण आई होती. मुलांना खेळता यावे म्हणून त्यांनी रस्ते अडवले, धोक्याच्या जागा दाखवून दिल्या आणि सुरक्षित रस्त्यांचे आराखडे अधिकाऱ्यांपुढे ठेवले. १९७३ च्या तेलटंचाईने त्यांच्या म्हणण्याला आणखी बळ आले. पुढे त्यांच्या सरकारने सायकलींचे मार्ग बांधण्यास पैसा दिला. आज आपण ज्या सायकलींचे कौतुक करतो, त्यांच्यामागे आयांचा तो हट्ट आहे.

आपणही थोडा हट्ट धरावा. मी दोन गोष्टी सुचवते.

पहिली घरातली. आपापल्या घरचे वाहन फूटपाथवर लागणार नाही, एवढे आजपासून पाहावे. माझ्या मुलाने आधी कुरकूर केली. आता तो स्कूटर इमारतीच्या आवारात लावतो. इतर अकरा स्कूटरी अजून तेथेच आहेत, हेही मी लपवीत नाही.

दुसरी गोष्ट मंडळाची. शंभर पानी एक वही घ्यावी. आठ दिवस, सकाळी आणि संध्याकाळी एकेक तास, दोघींनी मिळून आपल्या थांब्यावर बसावे आणि लिहावे: बस केव्हा आली, किती बायका चढल्या, किती वाट पाहून परत फिरल्या, बसायला बाक आहे का, दिवा लागतो का. मंडळापासून मंडईपर्यंत चालत जावे आणि कोठे कोठे रस्त्यावर उतरावे लागले, ते मांडावे. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांच्या सहभागाचे अंदाजपत्रक सुरू केले आहे. त्यात पदपथ, दिवे, बसथांबा अशी लहान कामे आपल्याला सुचवता येतात. क्षेत्रीय कार्यालयात नुसती तक्रार घेऊन गेलो तर ती ऐकून घेतील. आकडे लिहिलेली वही घेऊन गेलो तर तिला उत्तर द्यावे लागेल. तेथे एकदा जाऊन काम होईल, असे मी म्हणत नाही. आपण भिशीचा हिशेब वर्षभर चिकाटीने ठेवतो, तीच चिकाटी येथेही लागेल.

गेल्या आठवड्यात मी काकूंकडे गेले होते. वहीची कल्पना सांगितली, तर त्या म्हणाल्या, "माझ्या खिडकीतून थांबा दिसतो. माझी पाळी दुपारची लाव." तेव्हा वहीतले पहिले नाव लागले आहे. बाकीची नावे चहापानाच्या वेळी चिटणीसबाईंकडे द्यावीत.

पुढच्या वर्धापनदिनाला काकू आपल्या घरून येथवर फूटपाथवरून चालत याव्यात, एवढीच माझी इच्छा आहे. त्यांना चालता आले, तर या शहरात सगळ्यांनाच चालता येईल.