एक जिवाणू, पाच आडनावे

रोहूच्या अंगावर लाल चट्टे पडले, कल्ले सडू लागले की मामा (माजी मालगुजारी) तलावावरच्या ढिवर मच्छीमाराचा प्रश्न एकच असतो: औषध काय टाकू? जिवाणूचे लांबलचक नाव त्याच्या काय कामाचे, असे कुणालाही वाटेल. पण औषधाची वाट त्या नावावरूनच जाते.

1922 साली अमेरिकेत हर्बर्ट स्पेन्सर डेव्हिस यांनी माशांचा एक रोग नोंदवला. आजारी कल्ल्याचा कण पाण्याच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली धरला की बारीक, लांबट जिवाणू सरपटत कडेला येतात आणि एकमेकांवर चढून स्तंभ रचतात. त्यावरून नाव पडले 'बॅसिलस कॉलम्नॅरिस'. गंमत म्हणजे डेव्हिस यांनी तो प्रयोगशाळेत वाढवलाच नव्हता. ते 1944 साली ऑर्डल आणि रकर यांनी केले. फार सकस खाद्यावर हा नीट वाढत नाही. बेताचे दिले की पिवळ्या, कडांना मुळ्या फुटल्यासारख्या वसाहती धरतो.

पुढे हाच जिवाणू कॉन्ड्रोकॉकस झाला, सायटोफॅगा झाला, फ्लेक्सिबॅक्टर झाला आणि 1996 पासून फ्लॅव्होबॅक्टेरियम. आडनावे पाच (जिवाणूंत आडनाव आधी येते, एवढाच फरक). आधी आकार आणि चाल पाहून घराणे ठरवत, नंतर जनुके पाहून. 2022 मध्ये तर या एकाच नावाखाली चार जाती नांदत होत्या असे ठरले. एकीला डेव्हिस यांचे नाव मिळाले, एकीला तिलापियाच्या वंशाचे.

याला विद्वानांची हौस म्हणणाऱ्यांनी एडवर्डसिएला या दुसऱ्या जिवाणूची कथा ऐकावी. 1965 साली 'टार्डा' ही जात ठरली आणि माणसातला असो की माशातला, सगळ्यांवर तोच शिक्का बसत गेला. 2013 मध्ये 'पिसिसिडा' ही वेगळी जात मांडली गेली. जपलेले जुने वाण पुन्हा तपासले, तेव्हा माशांवरचे पुष्कळ 'टार्डा' पिसिसिडा निघाले. लस करायची तर कोणत्या जातीवर, हा प्रश्न मग सोपा राहत नाही.

माझ्या मते यातला कळीचा शब्द 'जपलेले' हा. नव्या जातीचे नाव नुसते छापून चालत नाही. तिचा नमुना-वाण दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावाच लागतो. असा एक संग्रह आपल्या पुण्यातही आहे. वाण हाताशी असला तर उद्याचा संशोधक आजचे नाव दुरुस्त करू शकतो. नुसता अहवाल उरला, तर तो काय दुरुस्त करणार? तेलंगखेडीला आपले मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. विदर्भातल्या तलावांतले वाण उणे 80 अंशांवर सांभाळण्याचे काम नागपुरात व्हायला हवे.

आणि नमुना घ्यायचा तो फुगून तरंगणाऱ्या माशाचा नव्हे. एरोमोनास हा जिवाणू पाण्यात एरवीही असतो. मेलेल्या माशात तो हटकून सापडतो आणि दोष त्याच्या माथी बसतो. 1988 च्या सुमारास माशांच्या जखमांची साथ भारतात शिरली, तेव्हा याच्याकडेही बोट दाखवले गेले. मूळ कारण निघाले अ‍ॅफॅनोमायसिस इन्व्हाडन्स, पाण्यातली बुरशीसारखी जात. तिच्यावर जिवाणूंचे प्रतिजैविक चालत नाही. म्हणून आजारी पण जिवंत मासा आणा, आणि तलावात काही टाकण्याआधी आणा. त्याच्या मूत्रपिंडातून घेतलेल्या थेंबावर भरवसा ठेवता येतो.