टाळेबंदीतील फुगडी आणि किराणा दुकानातील माणसे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या दिवशी एखादा आनंदाचा विषय घ्यावा, असे मला कार्यकारिणीने सुचविले होते. मी टाळेबंदीचा विषय घेतला, याचे काहींना आश्चर्य वाटेल. पण त्या दिवसांतही घराघरांत थोडा आनंद होता, आणि तो कोणाच्या आधारावर उभा होता, हे आज बोलावे असे मला वाटते.

2020 साली 9 मार्चला होळी पेटली. आपल्या मानोरा तालुक्यातील बंजारा तांड्यांवर नेहमीप्रमाणे लेंगी रंगली. त्याच दिवशी पुण्यात कोरोनाचे पहिले रुग्ण आढळले. पुढे 22 तारखेला जनता संचारबंदी झाली आणि 25 मार्चला, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी, देशभर टाळेबंदी सुरू झाली. गुढ्या उभारल्या, पण गुढी पाहायला कोणी कोणाच्या दारी गेले नाही. आठवडी बाजार बंद, एस.टी. बंद, अकोला-पूर्णा मार्गावरची गाडी बंद.

अशा वेळी पुरुषमंडळी घरात, मुले घरात, आणि आपले काम मात्र दुप्पट. आमच्या घरी चौथ्या-पाचव्या दिवशीच सर्वांची तोंडे आंबली. तेव्हा माझ्या जाऊबाईंनी संध्याकाळी पदर खोचला आणि पुतणीला म्हणाल्या, "चल, फुगडी घालू." फुगडीनंतर झिम्मा झाला, पिंगा झाला. दुसऱ्या दिवशी मुलांनी मोबाइलवर गाणे लावले आणि आपल्या तऱ्हेचा नाच केला. दिवे लागल्यानंतरचा अर्धा तास नाचासाठी ठरूनच गेला.

माझ्या सासूबाईंना हे रुचले नाही. त्या म्हणाल्या, "लोकं मरून राह्यले, अन् तुम्ही फुगड्या खेळता काय?"

भगिनींनो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मी त्यांना म्हटले, "आत्याबाई, आपण रडत बसलो तर कोणाचा ताप उतरणार आहे? पण लेकरे चार भिंतींत कोमेजली, तर ते दुखणे आपल्याच घरचे." शेवटी एक नियम ठरला. आळीत कोणाकडे वाईट घडले तर त्या दिवशी नाच नाही, आणि एरवीही आवाज उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचा नाही. महिनाभराने सासूबाई स्वतःच खुर्चीत बसून टाळ्यांचा ठेका धरू लागल्या. त्यांचे आखडलेले खांदे मोकळे झाले, हे त्यांनीच सांगितले. इटलीत त्या दिवसांत लोक आपापल्या गच्चीत उभे राहून गात होते, असे आपण ऐकले. माणसाचा स्वभाव इकडे-तिकडे सारखाच.

आता मुद्द्याची गोष्ट. नाचून झाल्यावर मुलांना भूक लागे. कोणी मुरमुऱ्यांचा चिवडा करी, कोणी फुटाणे काढी. भुलाबाईच्या खिरापतीलाही त्या वर्षी खंड पडला नाही. हे फुटाणे, हे मुरमुरे, ही डाळ, हे तेल घरात आले कसे? अकोल्याहून मालाची गाडी येई. हमाल साखरेचे 50 किलोचे कट्टे पाठीवर घेऊन उतरवीत. तेलाचे 15 किलोचे डबे रचले जात. दुकानातील पोरगा चुन्याने आखलेल्या गोलांत गिऱ्हाईक उभे करी, चिठ्ठी घेई, माल तोली, नोटा मोजी. आपण घरात सुरक्षित राहावे म्हणून तो दिवसातून शंभर माणसांसमोर उभा राही.

रेशन दुकानातही तेच. एप्रिल 2020 पासून माणशी 5 किलो धान्य मोफत मिळू लागले. पाच माणसांचे घर धरले तर 25 किलो. शंभर घरे झाली की 25 क्विंटल तोलून द्यायचे, आणि हे नेहमीच्या धान्याहून वेगळे. हा हिशेब कोणाच्या तरी हातांनीच झाला ना?

आमच्या नेहमीच्या दुकानात एक तरुण कामाला आहे. त्याचे नाव घेत नाही, त्याला संकोच वाटेल. मी एकदा त्याला विचारले, "घरी सगळे बरे ना?" तो म्हणाला, "बरे आहेत काकू. पण लेक पायाशी येते, अन् मी मांग सरतो." तो अंगणातच आंघोळ करी आणि ओसरीवर वेगळा निजे. आमच्या घरी मुलांचे हात धरून फुगडी चालली होती, तेव्हा याला स्वतःच्या मुलीचा हात धरता येत नव्हता.

पुढे 2021 चा एप्रिल आला. तो महिना आठवला की अजून छातीत धस्स होते. आमच्या घरचा नाच तेव्हा आपोआप थांबला. दुकाने मात्र थांबली नाहीत. 20 एप्रिलपासून राज्यात किराणा दुकानांना सकाळी 7 ते 11 एवढीच वेळ होती. म्हणजे दिवसभराची गर्दी चार तासांत, त्याच एका फळीसमोर. लस प्रथम आरोग्यसेवकांना, नंतर पोलीस, सफाई कामगार इत्यादींना, मग वृद्धांना व 45 वर्षांवरील लोकांना मिळाली. 18 वर्षांवरील सर्वांना ती 1 मेपासून खुली झाली. दुकानातील तरुण पोरगा कोणत्याच आधीच्या यादीत बसत नव्हता. आमच्या त्या तरुणालाही त्याच महिन्यात ताप आला. देवाची कृपा, तो वाचला. पण परत आला तेव्हा कट्टा उचलवेना. मालकांनी त्याला तोलायच्या कामावर बसविले, हा त्यांचा चांगुलपणा.

22 मार्चला आपण थाळ्या वाजविल्या, ते योग्यच झाले. पण थाळीचा आवाज पाच मिनिटांत विरतो. कृतज्ञता रोजच्या व्यवहारात दिसली पाहिजे. राज्याचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. साप्ताहिक सुटीसारख्या त्यातील बहुतेक तरतुदी ठरावीक संख्येने कामगार असलेल्या मोठ्या ठिकाणीच लागू होतात. दोन-तीन माणसांच्या किराणा दुकानातील पोराची सुटी मालकाच्या मर्जीवर राहते, आणि तितकीच आपल्यावर, म्हणजे गिऱ्हाइकावर!

म्हणून मी तीन साध्या गोष्टी सुचविते. पहिली : दुकान बंद असेल त्या दिवशी पावशेर साखरेसाठी मागल्या दाराची कडी वाजवू नये. दुसरी : महिन्याची उधारी ठरल्या तारखेला चुकती करावी, कारण पुष्कळदा उधारी थकली की प्रथम नोकराचा पगार लांबतो. तिसरी : असंघटित कामगारांसाठी 2021 च्या ऑगस्टमध्ये ई-श्रम नोंदणी सुरू झाली आहे. आपल्या आळीतील हमाल व दुकानातील नोकर यांची नोंद झाली आहे की नाही, हे विचारावे. झाली नसेल तर आधार कार्ड व बँकेचे पुस्तक घेऊन आपल्या मुलींनी ती करून द्यावी. त्यांना मोबाइल आपल्यापेक्षा चांगला समजतो.

आणखी एक विनंती कार्यकारिणीला आहे. पुढील कोजागिरीला या मंडळींना सहकुटुंब बोलवावे. दूध आपण आटवू, वाढू आपण. त्यांच्या मुलींनी आपल्या मुलींबरोबर फुगडी घालावी, आणि त्यांनी त्या दिवशी काही न तोलता नुसते बसावे.