वाळू सगळ्यांची, वाट कुणाची?

(बडोदे येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित भाग)



बडोद्यात समुद्रावर काय बोलणार, असं कुणाच्या मनात आलं असेल. शहराला समुद्र नाही, पण बडोदे संस्थानाला होता. ओखामंडळ, कोडिनार आणि नवसारीकडची किनारपट्टी गायकवाडांच्या राज्यात होती. ओख्याचं बंदर १९२६ साली सुरू झालं, तेही सयाजीराव महाराजांच्याच कारकिर्दीत.

किनारा कुणाचा, हा प्रश्न कायद्यानं कधीच सोडवून टाकलाय. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याचं कलम ३७ पाहा. भरतीच्या रेषेखालचा समुद्रतळ, खाड्या, नद्या, सार्वजनिक रस्ते, यांवर दुसऱ्या कुणाचा हक्क शाबीत होत नसेल तर ते सरकारचे. महाराष्ट्रात हेच १९६६ च्या जमीन महसूल संहितेत कलम २० म्हणून आलं. तेव्हा ओल्या वाळूवरून भांडण फारसं होत नाही. भांडण होतं ते वाळूपर्यंत नेणाऱ्या पायवाटेवरून. ती कुणाच्या तरी माडांच्या बागेतून जाते, आणि बाग खासगी असते.

मालकाची बाजू खोटी आहे असं मी म्हणणार नाही. रविवारी शंभर माणसं अंगणातून जायला लागली, तर तुम्ही-आम्हीही फाटक लावू. पण गावाची जुनी वहिवाट वेगळी आणि आजची गर्दी वेगळी. दोन्ही एकाच फाटकानं बंद होतात, ही खरी अडचण.

गोव्यात दोना पावलाजवळ वायंगिणीचा किनारा आहे. तिथल्या हॉटेलासाठी सरकारनं भूसंपादन कायद्याखाली जमीन घेऊन दिली. १९८३ च्या करारात अट होती की लोकांची किनाऱ्यावर जायची वाट खुली राहील. पुढं हॉटेलचं वाढीव बांधकाम झालं आणि प्रकरण कोर्टात गेलं. २००० मध्ये उच्च न्यायालयानं लोकांच्या बाजूनं निकाल दिला आणि जानेवारी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायम केला. वाटेच्या आड येणारं बांधकाम पाडा, असा त्याचा अर्थ होता. न्यायमूर्ती सिंघवींनी त्या निकालपत्रात सरकार हे निसर्गसंपत्तीचं मालक नसून विश्वस्त आहे, हे तत्त्व विस्तारानं मांडलं.

लोक जिंकले, असं वाटलं ना? त्याच वर्षी गोवा सरकारनं अध्यादेश काढला आणि भूसंपादन कायद्यातच पूर्वलक्षी दुरुस्ती केली. बांधकाम वाचलं. दुरुस्तीला आव्हान दिलं गेलं, पण २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं ती वैध ठरवली. विश्वस्तानंच कुलूप बदललं आणि किल्ली दुसऱ्याला दिली, असं मी म्हटलं तर वकील मंडळींनी रागावू नये.

केंद्राचे नियम तरी काय सांगतात? इंदिरा गांधींनी १९८१ मध्ये मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटर किनारा मोकळा ठेवायला सांगितलं. त्यातून १९९१ ची किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना आली. लोकांना किनाऱ्यावर जाता यावं म्हणून दोन हॉटेलांमध्ये किमान २० मीटरची मोकळी जागा हवी, असं तिच्या परिशिष्टात आहे. इथवर ठीक. पुढं म्हटलंय, अशा दोन मोकळ्या जागांमधलं अंतर कोणत्याही परिस्थितीत ५०० मीटरपेक्षा कमी नसावं. कमी! ‘जास्त नसावं’ म्हणायचं होतं, असाच माझा समज आहे. शब्दशः वाचलं तर वाटा एकमेकींजवळ येऊ नयेत याचीच काळजी घेतलेली दिसते. २०११ च्या अधिसूचनेतही ते वाक्य तसंच उतरलं.

म्हणून उच्च न्यायालयापर्यंत जाण्याआधीचा एक जुना रस्ता सांगतो. १९०६ चा मामलेदार न्यायालयांचा कायदा मुंबई इलाख्याचा, गुजरात-महाराष्ट्र दोघांचाही. हॉटेलात उतरलेल्या पाहुण्याला त्याचा उपयोग नाही. पण शेताकडे, कुरणाकडे किंवा मासेमारीच्या जागेकडे जाणारी वहिवाट कुणी अडवली, तर मामलेदाराकडे दाद मागता येते. वकिलांची फौज लागत नाही. मुदत मात्र सहा महिन्यांची. जूनमध्ये, होड्या वर ओढलेल्या असताना वाटेवर कुंपणाची तार पडली आणि गाव म्हणालं की दिवाळीला मुंबईची मंडळी आल्यावर बघू, तर तोवर पाच महिने सरलेले असतात.