शेजाऱ्यापुढील आपली साक्ष



आपल्या धर्मग्रामाचा हा महोत्सव साजरा करतांना आपण प्रथम परमेश्वराचे आभार मानूं या. पूर्वजांनीं हें देऊळ उभारिलें. येथें आपले बाप्तिस्मे व विवाह झाले, येथूनच आपल्या वडीलधाऱ्यांस आपण अखेरचा निरोप दिला. परंतु ह्या देवळाच्या दाराबाहेर आपले हिंदु, मुसलमान व इतर शेजारी राहतात. त्यांतील पुष्कळांनीं शुभवर्तमानाचें पुस्तक कधीं उघडलें नसेल, आपल्या वेदीजवळ ते कधीं आले नसतील. ते वाचतात तें आपलें वर्तन. म्हणून आजच्या आनंदाच्या दिवशीं एक प्रश्न आपण स्वतःस विचारणें अगत्याचें आहे: आपणांकडे पाहून ह्या लोकांस ख्रिस्ताविषयीं काय कळतें?

न्यायासनापुढें साक्षीदारानें ऐकीव गोष्ट सांगून चालत नाहीं. स्वतः जें पाहिलें तेंच त्यानें सांगावयाचें असतें. प्रभूनें स्वर्गारोहणापूर्वीं आपल्या शिष्यांस साक्षी म्हटलें, वकील म्हटलें नाहीं. ग्रीक भाषेंत साक्षीदारास जो शब्द आहे, तोच पुढें ख्रिस्तासाठीं प्राण देणाऱ्यांस लागला. आपणही त्यांस रक्तसाक्षी म्हणतों. रक्त देण्याचें पाचारण थोड्यांस होतें. साक्ष देण्याचें पाचारण मात्र बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकास आहे.

ही साक्ष आरंभींच्या ख्रिस्ती लोकांनीं कशी दिली, तें पाहूं. इ. स. २५२ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेंतील कार्थेज नगरांत भयंकर सांथ पसरली. लोक आपल्याच आप्तांस टाकून पळूं लागले. प्रेतें रस्त्यांत पडून राहिलीं. अवघ्या दोन वर्षांपूर्वीं, सम्राट डेसियसच्या आज्ञेनें, ह्याच नगरांत ख्रिस्ती लोकांचा छळ झाला होता. तरीही बिशप संत सिप्रियन ह्यांनीं आपल्या लोकांस एकत्र करून बजाविलें कीं, केवळ आपल्या माणसांची शुश्रूषा करण्यांत विशेष असें कांहीं नाहीं. जे परके आहेत, जे वैरी आहेत, त्यांचेंही भलें करावें. ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांनीं पैसा दिला. ज्यांच्याजवळ नव्हता त्यांनीं अंगमेहनत केली. त्यांचे डीकन पाँशियस ह्यांनीं ही हकीगत लिहून ठेविली आहे.

पुढें इ. स. ३१२ च्या सुमारास मिसर देशांत पाखोमियस नांवाच्या एका तरुणास सक्तीनें सैन्यांत भरती करून थीब्स येथें इतरांबरोबर कोंडून ठेविलें होतें. तो ख्रिस्ती नव्हता. तेथें कांहीं अनोळखी माणसें त्या सर्वांसाठीं अन्न घेऊन आलीं. ‘हे कोण?’ म्हणून त्यानें विचारिलें, तेव्हां ते ख्रिस्ती आहेत, असें त्यास कळलें. सुटका झाल्यावर त्यानें बाप्तिस्मा घेतला, आणि तोच पुढें संन्याशांच्या सामुदायिक मठजीवनाचा संस्थापक संत पाखोमियस झाला. त्या माणसांनीं त्याच्यापुढें प्रवचन केलें नव्हतें. भुकेल्यास भाकर दिली होती.

परंतु सर्वांत मोलाची साक्ष विरोधकाच्या लेखणींतून आली. इ. स. ३६१ ते ३६३ पर्यंत राज्य करणाऱ्या सम्राट ज्युलियननें ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवतांची उपासना पुन्हां रूढ करण्याचा चंग बांधला होता. गलातिया प्रांतांतील आपल्या मुख्य पुजाऱ्यास लिहितांना, ह्या ‘गालीली’ लोकांचा पंथ कां वाढला, ह्याचीं त्यानें तीन कारणें दिलीं: परक्यांशीं दयाळूपणा, मृतांच्या दफनाविषयीं काळजी, आणि आचरणांतील पावित्र्य. तें पावित्र्य त्यानें ढोंगी ठरविलें खरें. पण हे लोक आपल्या गरिबांबरोबर आमच्याही गरिबांस पोसतात, ही लाजेची गोष्ट होय, अशी कबुली त्यास द्यावी लागली. म्हणून नगरोनगरीं धर्मशाळा उघडण्याची आज्ञा त्यानें दिली. आमच्या देवळांच्या उंचीनें तो अस्वस्थ झाला नव्हता.

बंधुभगिनींनो, आज आपल्या एखाद्या शेजाऱ्यानें आपणांविषयीं असें पत्र लिहावयाचें ठरविलें, तर तो काय लिहील? आपल्या दुकानाचा ताजवा तो पाहतो. बांधावरच्या दोन हात जमिनीसाठीं सख्खे भाऊ कचेरीची पायरी चढतात, तें पाहतो. सणाच्या दिवशीं दारूनें झिंगलेला बाप आणि लग्नाच्या थाटापायीं कर्जांत बुडालेलें घर, हेंही त्याच्या नजरेंतून सुटत नाहीं. जो रविवारीं ख्रिस्तशरीर ग्रहण करितो व सोमवारीं गड्याची मजुरी अडवून ठेवितो, तोही साक्षच देतो. परंतु ती ख्रिस्ताच्या विरुद्ध असते.

आणखी एक सावधगिरी बाळगावी. सेवा हें आमिष नव्हे. कार्थेजच्या आजाऱ्यांस कोणी धर्म विचारून पाणी पाजिलें नाहीं, कीं पाणी पाजून धर्म मागितला नाहीं. ज्या प्रीतीच्या मागें सौदा आहे, ती प्रीति शेजाऱ्यास लगेच ओळखतां येते, आणि त्याच्या मनांत शंका उत्पन्न होते. परमगुरु सहावे पॉल ह्यांनीं १९७५ सालीं शिकविलें कीं, आजचा मनुष्य शिक्षकापेक्षां साक्षीदाराचें अधिक ऐकतो. तो ऐकण्यापूर्वीं पारखून घेतो, आणि तसें करण्याचा त्यास अधिकार आहे.

तेव्हां ह्या महोत्सवाचें खरें स्मारक कोठें उभारावें? शेजारच्या घरीं आजार आला असतां तेथें रात्र जागविण्यांत. ज्याच्याशीं अबोला आहे त्याच्या दारीं आपण होऊन जाण्यांत. दिलेला शब्द नुकसान सोसूनही पाळण्यांत. हें काम धर्मगुरूंवर सोंपवून चालणार नाहीं. कारण बाजारांत, शेतांत, कचेरींत आणि चाळींत ते आपणांबरोबर नसतात. तेथें ख्रिस्ताचे साक्षी आपणच.

दयाघन पिता आपणांस ही साक्ष निष्कपटपणें देण्याचें सामर्थ्य देवो, आणि पवित्र मरियामाता आपल्या धर्मग्रामासाठीं विनंती करो. आमेन.