आधी वाट, मग खोदाई



नगर अभियंत्यांच्या या परिषदेचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत, याबद्दल मनापासून आभार. अध्यक्षीय भाषणात आपल्या व्यवसायाच्या सगळ्या अंगांचा आढावा घ्यायची प्रथा आहे. ती आज मी बाजूला ठेवतो आणि एकाच प्रश्नावर बोलतो. रस्त्याचे काम चालू असताना पायी चालणाऱ्याने जायचे कुठून?

काम निघाले की वाहनांची सोय आपण आधी लावतो. वाहतूक पोलिसांची ना-हरकत घेतो, किती मार्गिका चालू राहतील ते नकाशावर दाखवतो. पर्यायी मार्गांची सूचना वृत्तपत्रांत छापून येते, चौकात शिट्टी घेऊन वॉर्डन उभा राहतो. पायी चालणाऱ्याच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. पत्रे लागतात, त्याचा पदपथ पत्र्यांच्या आत जातो आणि तो गाड्यांमध्ये उतरतो. कुणी उतर म्हणून सांगत नाही, पण दुसरी वाटच नसते.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतले ३२,८२५ पादचारी होते, म्हणजे दिवसाला सुमारे नव्वद. हे सगळे कामाच्या जागी गेले असे मी म्हणत नाही. पण पायी माणसाला गाड्यांच्या वाटेत चालावे लागले की काय होते, ते या आकड्यांत दिसते. आणि ही वेळ त्याच्यावर आपण आपल्या सही-शिक्क्याने आणतो.

‘थोडे दिवस कळ काढा’ असे आपण नागरिकांना सांगतो. मुंबईत भुयारी मेट्रो तीनचे काम २०१७च्या सुमारास सुरू झाले आणि पूर्ण मार्ग खुला व्हायला २०२५चा ऑक्टोबर उजाडला. गिरगाव, काळबादेवी, दादर इथल्या रहिवाशांनी त्यातली कित्येक वर्षे पत्र्यांच्या कडेने काढली. पुण्यात विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० साली पाडला आणि गणेशखिंड रस्त्यावर पुढे वर्षानुवर्षे काम चालले. पहिलीतले पोर या काळात माध्यमिक शाळेत जाते. साठीतल्या बाईंनी एकटीने बाजारात जाणे एकदा सोडले, तर काम संपल्यावर त्या पुन्हा बाहेर पडतीलच असे नाही. घरात बसलेला माणूस चालायचा थांबतो, आणि हे नुकसान आपल्या कुठल्याच अहवालात येत नाही.

मेट्रोचे निदान काम मोठे असते, सगळ्यांचे लक्ष असते. मला जास्त काळजी वाटते ती केबल, गॅस आणि पाण्याच्या जोडणीच्या किरकोळ खोदाईची. चार दिवसांचे काम म्हणून तिथे पत्रेही नसतात. दोन लोखंडी सळ्या आणि त्यांना बांधलेली लाल-पांढरी फीत, एवढेच. फीत तिसऱ्या दिवशी तुटून चरात लोंबते, राडारोडा पदपथावर पसरतो आणि चरावर एक फळी पडते. शेजारच्या दुकानदाराने दया येऊन टाकलेली ती फळी हीच त्या कामाची पादचारी योजना.

आता जरा बारकाव्यात जाऊ, कारण आपले काम बारकाव्यातच असते. पांढरी काठी घेऊन चालणारा अंध माणूस जमिनीलगतचा अडथळा काठीने ओळखतो. आपले बॅरिकेड बहुधा दोन पायांवर उभे असते आणि पत्र्याची खालची कड जमिनीपासून फूट-दीड फूट वर असते. काठी त्याखालून आत जाते, तिला काही लागत नाही. माणूस पुढे पाऊल टाकतो आणि पत्र्याची धार त्याच्या नडगीला किंवा गुडघ्याला लागते. फितीचे तर काठीला काहीच कळत नाही. ती पार करून तो थेट चरात जातो. उपाय काय? ब्रिटनच्या रस्ताकामांच्या संहितेत तो लिहिलेला आहे. बॅरिकेडच्या तळाशी काठी आपटेल अशी आडवी पट्टी हवी. ती किमान १५० मिलिमीटर रुंद असावी आणि तिची खालची कड जमिनीपासून २०० मिलिमीटरपेक्षा वर नसावी. त्याच संहितेत तात्पुरत्या पदपथाची रुंदी किमान एक मीटर आणि शक्य तिथे दीड मीटर सांगितली आहे. ही पट्टी आपल्याकडचा कुठलाही फॅब्रिकेटर सहज बसवून देईल. बॅरिकेडच्या मागणीपत्रात आपण ती लिहीत नाही, म्हणून ती नसते.

व्हीलचेअरचे पाहा. पदपथाच्या कडेची उंची १५० मिलिमीटर धरली, तर एकास बारा उताराने रॅम्प १.८ मीटर लांब होतो. साइटवर काय होते? काँक्रीटचे उरलेले घमेले कडेला ओतून वरून थापी फिरवली जाते. लांबी जेमतेम अर्धा मीटर, म्हणजे उतार एकास तीनच्या आसपास. त्यावरून व्हीलचेअर चढत नाही, आणि उतरायला गेली तर पुढे कलंडते. चरावरच्या लोखंडी प्लेटची उभी कड तेवढीच वाईट. पुढची लहान चाके तिथे अडतात, म्हातारी माणसे ठेचकाळतात आणि पावसात त्याच प्लेटवरून दुचाकीही घसरते. कड उतरती करून घेणे आणि प्लेटवर खरखरीत थर देणे, ही एका दुपारची कामे आहेत.

आणखी एक जागा तुम्ही साइटवर गेलात की मुद्दाम पाहावी, अशी माझी विनंती आहे. पत्र्यांची रांग जिथे संपते ते टोक. पत्रा माणसाच्या डोक्याइतका उंच. मागून येणारा पादचारी रस्ता ओलांडायला टोकाशी येतो, तेव्हा त्याला गाडी दिसत नाही आणि चालकाला तो दिसत नाही. दोघे एकमेकांना दिसतात तेव्हा मध्ये अंतरच उरलेले नसते. शाळकरी मूल तर अजिबातच दिसत नाही. टोकाच्या शेवटच्या काही मीटरांत पत्र्याऐवजी जाळी लावली की हा धोका बराच कमी होतो. रात्री पत्र्यांची सावली चालण्याच्या पट्ट्यावर पडते आणि पथदिवा असूनही पायाखाली अंधार राहतो. तिथे वेगळा दिवा हवा. ब्लिंकर गाडीवाल्यासाठी असतो. त्याने पायाखालचा खड्डा दिसत नाही.

नियम नाहीत असे म्हणायची सोय आता राहिलेली नाही. इंडियन रोड्स काँग्रेसची कामाच्या जागेवरील वाहतूक व्यवस्थेची मार्गदर्शिका, एसपी ५५, आपल्या प्रत्येक निविदेत संदर्भ म्हणून येते. पादचारी सुविधांसाठी आयआरसी १०३ आहे. पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण मंजूर केले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४१ मध्ये दिव्यांगांना वापरता येतील असे रस्ते ही शासनाची जबाबदारी म्हणून लिहिली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतूडी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारसवजा ठेवून चालणार नाहीत, काही किमान गोष्टी सक्तीच्याच हव्यात. मे २०२५ मध्ये न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या पीठाने अडथळामुक्त पदपथाचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात, धरला आणि तो पदपथ दिव्यांगांना वापरता आला पाहिजे असेही सांगितले. काम चालू असताना हा हक्क स्थगित होतो, असे कुठेही म्हटलेले नाही.

मग घोडे अडते कुठे? माझे मत स्पष्ट आहे. ते बिल ऑफ क्वांटिटीजमध्ये, म्हणजे निविदेतल्या बाबींच्या यादीत, अडते. निविदेच्या सर्वसाधारण अटींत एक वाक्य असते, की पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी कंत्राटदाराची राहील आणि तिचा खर्च त्याने आपल्या दरांत धरावा. ज्याने तो खर्च धरला त्याची निविदा महाग होते आणि काम दुसऱ्याला जाते. ज्याला काम मिळते त्याने तो धरलेलाच नसतो. खोदाईचे घनमीटर मोजमाप पुस्तिकेत चढतात, काँक्रीट चढते, भराव चढतो. तात्पुरता पदपथ चढत नाही, म्हणून त्याचे बिल निघत नाही, म्हणून तो होत नाही. केबल कंपन्यांकडून रस्ता पूर्ववत करण्याचे शुल्क आपण मीटरच्या हिशेबाने घेतो. लोकांनी त्या मीटरांवरून मधल्या काळात कसे चालायचे, याचा त्यात हिशेब नसतो. कंत्राटदाराला दोष देणे सोपे आहे. पण अंदाजपत्रक आपण करतो, त्यावर सही आपली असते.

म्हणून तात्पुरता पदपथ ही स्वतंत्र बाब हवी. रुंदी, पृष्ठभाग, रॅम्प, तळपट्टीचे बॅरिकेड, टोकाची जाळी, दिवा हे सगळे धरून प्रति मीटर, प्रति दिवस असा दर राज्याच्या दरसूचीत यावा. जितके दिवस वाट नीट राहील तितक्या दिवसांचे पैसे मिळावेत. मोडली की त्या दिवसाचे पैसे नाहीत आणि वर दंड. कनिष्ठ अभियंत्याने पाहणी करून तारखेचे छायाचित्र मोजमापासोबत जोडावे. आणि पर्यायी वाट तयार झाल्याची नोंद झाल्याशिवाय खोदाईला सुरुवातच करू देऊ नये. पदपथांची आणि रस्त्यांची कोट्यवधींची कामे आपण करतो. त्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

पेठांमधल्या अरुंद रस्त्यांवर जागाच नाही, हा आक्षेप येणार. तो खरा आहे आणि मी तो झटकून टाकत नाही. जिथे गाडी आणि चालणारा दोघांनाही जागा पुरत नाही तिथे एकाला वळसा घालावाच लागेल. इंजिन असलेल्याला अर्धा किलोमीटरचा वळसा म्हणजे दोन-तीन मिनिटे. कुबड्या घेऊन चालणाऱ्याला तोच वळसा म्हणजे त्या दिवशी घराबाहेर न पडणे. तेव्हा रस्ता एकदिशा करा, एक मार्गिका काढा, पार्किंग उठवा. चालणाऱ्याची वाट सरळ आणि जवळची राहू द्या. काम रेटत पावसाळ्यापर्यंत आले आणि पावसासाठी खोदाई थांबवली, तर अर्धवट चरांवरची वाट आधी पक्की करा, मग यंत्रे हलवा. २९ ऑगस्ट २०१७ च्या अतिवृष्टीत मुंबईत एक निष्णात डॉक्टर तुंबलेल्या पाण्यातून घरी चालत निघाले होते. ते उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. पाण्याखालचे तोंड त्यांना दिसणे शक्य नव्हते; पाण्याखालचा उघडा चरही तसाच दिसत नाही.

मित्रहो, उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी स्वतः एक ठराव मांडणार आहे. तात्पुरता सुगम्य पदपथ ही स्वतंत्र, मोजून पैसे द्यायची बाब म्हणून राज्याच्या दरसूचीत घ्यावी आणि तिची नमुना तपशीलवारी आपल्या परिषदेने तीन महिन्यांत शासनाला सादर करावी, असा तो ठराव आहे. तपशीलवारी ठरवणाऱ्या समितीत अंध आणि व्हीलचेअर वापरणारे सदस्य असावेत, हे त्यातच लिहिले आहे. त्यावर चर्चा करा, दुरुस्त्या सुचवा आणि तो एकमताने मंजूर करा. पण शासन निर्णयाची वाट पाहत बसू नका. सोमवारी कार्यालयात गेलात की टेबलावर जे पहिले अंदाजपत्रक असेल त्यात ही बाब घाला.