पेल्यातली मिरी

वाइन पिणं आणि वाइन चाखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला केप टाऊनमध्ये राहायला गेल्यावर कळलं. आपल्याकडे नाशिकलाही आता चाखण्याचे कार्यक्रम होतात, पण मी तिथे कधी गेलो नाही. मी दारू घेत नाही. धर्माने मना केली आहे आणि मनालाही कधी ओढ वाटली नाही. तरीही स्टेलनबॉशच्या एका द्राक्षमळ्यात मी एक अख्खी दुपार घालवली आणि मजेत घालवली. ती मजा कसली, ते आज सांगायचं आहे.

कोकणी मुसलमान आणि केप टाऊन हे नातं जुनं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आमच्या रत्नागिरीकडची माणसं बोटीने तिकडे गेली, दुकानं घातली आणि तिथलीच झाली. रायलँड्स भागातल्या अशाच एका कुटुंबाच्या मसाल्याच्या दुकानात मी तीन वर्षं हिशेब लिहीत होतो. मालक नात्याने मामा लागत. दिवसभर धणे, मिरी, दालचिनीच्या वासात बसायचं. बी.ए.ला शिकलेलं तिथे फारसं कामाला आलं नाही, नाक मात्र तयार झालं.

दुकानापुढे संध्याकाळी आम्ही चौघे जमायचो. एक शाळामास्तर, एक गुजराती औषधविक्रेता, एक बसचालक आणि मी. मास्तरांच्या वाढदिवसाला त्यांनी हा बेत काढला. मी मामांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "जा बाबा. पण तू तिकडे करणार काय?" प्रश्न रास्त होता.

केप टाऊनहून स्टेलनबॉश सुमारे ५० किलोमीटर. डोंगराच्या पायथ्याशी द्राक्षांच्या रांगा, मध्ये पांढऱ्या भिंतींचं जुनं डच घर. आम्हाला माहिती देणारी मुलगी पंचविशीची असेल. मी पिणार नाही म्हटल्यावर तिला काहीच नवल वाटलं नाही. "वास घ्यायला तर हरकत नाही ना?" एवढंच तिने विचारलं आणि माझ्यापुढेही पेले मांडले. प्यायला द्राक्षाचा रस दिला.

पेला कागदावर तिरका धरून आधी रंग पाहायचा. मग पेला गोल फिरवायचा, म्हणजे वास मोकळा होतो. मग नाक आत घालायचं. तोंडाची पाळी शेवटी येते, आणि घोट गिळलाच पाहिजे असंही नाही. टेबलावर चक्क पिकदाणी ठेवलेली असते! पान खाणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला याचं काय अप्रूप वाटणार?

खरा खेळ वास ओळखण्याचा. सोविन्याँ ब्लाँ नावाच्या पांढऱ्या वाइनला ढोबळी मिरचीचा वास येतो. ही कविकल्पना नव्हे. दोन्हींत एकाच जातीची रसायनं असतात, असं त्या मुलीने सांगितलं. पिनोताज ही तिथलीच जात. अब्राहम पेरोल्ड या प्राध्यापकाने १९२५ साली दोन फ्रेंच द्राक्षांचा संकर करून ती तयार केली. तिला पिकल्या केळ्याचा वास येतो म्हणतात, मला काही तो आला नाही. शिराझचा पेला मात्र नाकाशी नेला आणि मी एकदम म्हणालो, "मिरी!" मुलगी खूश झाली. शिराझमध्ये आणि काळ्या मिरीत वास देणारा पदार्थ एकच, हे शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये दाखवून दिलं आहे. शिराझ म्हटलं की आम्हा कवींना हाफिजचं गाव आठवतं. पण या द्राक्षाचं मूळ इराणात नाही, फ्रान्समध्ये आहे.

उर्दूत रियाझ खैराबादी यांनी आयुष्यभर मद्यावर शेर लिहिले आणि एक थेंबही कधी घेतला नाही, असं सांगतात. त्या टेबलावर मला त्यांचा मोठा आधार वाटला.

लाल वाइन घेतल्यावर जीभ कोरडी होते, आखडते. मित्र त्यासाठी शब्द शोधत होते. मी म्हटलं, आमच्याकडे याला तुरट म्हणतात. जांभूळ खाल्ल्यावर होतं ते. द्राक्षाच्या साली आणि बियांतून हा गुण येतो. लाल वाइन सालींसकट आंबवतात, म्हणून तिच्यात तो जास्त. मुलीने शब्द वहीत लिहून घेतला.

बसचालक मित्र तोवर गप्प होता. तो तिथल्या वर्गवारीत 'कलर्ड' म्हणवणाऱ्या समाजातला. त्याने विचारलं, "डॉपबद्दल सांगणार की नाही?" मुलगी क्षणभर थांबली. मग खुर्ची ओढून बसली आणि पाठ केलेलं सोडून बोलू लागली. हे मळे गुलामांनी उभे केले. त्यांत बंगाल, मलबारहून नेलेली माणसंही होती. १८३४ मध्ये गुलामगिरी संपली, पण मजुरीचा काही भाग वाइनच्या रूपात द्यायची पद्धत राहिली. तीच डॉप. १९६०च्या दशकात कायद्याने ती बंद केली, तरी काही मळ्यांवर १९९०च्या दशकापर्यंत चालूच होती. आईच्या पोटातच दारूची बाधा झालेली मुलं या प्रांतात आजही फार मोठ्या संख्येने जन्मतात.

मित्राचे वडील अशाच एका मळ्यावर होते. सकाळी, दुपारी, संध्याकाळी पत्र्याच्या मगातून वाइन मिळायची. पन्नाशी त्यांनी पाहिली नाही. "त्यांना कुणी वास घ्यायला सांगितलं नव्हतं," मित्र म्हणाला.

मला वाटलं, हा आता उठून जाणार. तो उठला नाही. त्याने पेला उजेडात धरला, सावकाश फिरवला, हुंगला, एक घोट तोंडात घोळवून गिळला आणि म्हणाला, "केळं आहे. नक्की केळं आहे." मग मला पुन्हा हुंगायला लावलं. या वेळी मलाही ते लागलं.

परतताना गाडी मास्तरांनी चालवली. त्यांनी सगळे घोट पिकदाणीत टाकले होते. मागच्या सीटवर बसचालक माझ्याकडून 'तुरट' शिकत होता. त्याला तो शब्द नीट म्हणता येईपर्यंत रायलँड्स आलं.